टाळ, हलगी आणि मिशनचा बाजा

आपल्याकडे संगीताचा इतिहास लिहायचा म्हटले की लेखणी आपोआप ग्वाल्हेरकडे वळते. तिथून ती मिरजेला येते, बडोद्याला जाते, कोल्हापूरच्या दरबारात थोडी रेंगाळते आणि अखेरीस मुंबईच्या जलशात विसावते. घराणी, गंडाबंधन, उस्तादांचे लहरी स्वभाव, शिष्यांची सेवा यांच्या गोष्टींना तोटा नाही. परंतु प्रत्येक गवई हा गवई होण्यापूर्वी एक मूल होता, आणि त्या मुलाच्या कानांवर पहिल्या पाचसहा वर्षांत काय पडले, त्याला मांडीवर घेऊन कोणी ठेका धरला, याची नोंद बहुधा कोणी ठेवलेली नसते. जी मुले पुढे गवई झालीच नाहीत, शेतात गेली, चुलीपाशी गेली, शाळेत मास्तर झाली, त्यांच्या गाण्याचा इतिहास तर कोणी इतिहास म्हणून मानीतही नाही. वास्तविक समाजाच्या संगीताची मोजदाद करायची तर ती याच मुलांवरून केली पाहिजे.

अशा मुलांचा माग काढायला गवयांचे शहर उपयोगी नाही. राहुरीसारखा तालुक्याचा गाव बरा. मुळा नदीच्या काठचे हे गाव पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. आज लोकांना ते महात्मा फुले कृषी विद्यापीठामुळे ठाऊक आहे. संगीताच्या नकाशावर राहुरीला जागा नाही. तथापि मुलाला गाणे कसे लावावे, कोणते गाणे लावावे आणि ते कोणाच्या मुलाला लावावे, हे तिन्ही प्रश्न या एका तालुक्यात जसे उघडे पडले तसे दरबारी गावांत पडले नाहीत.

राहुरी तालुक्यात ताहाराबाद नावाचे गाव आहे. संतचरित्रकार महिपती इथला. १७१५ सालचा त्याचा जन्म, १७९० साली त्याचे देहावसान. घराणे कुलकर्ण्यांचे. पूजेला बसला असताना जहागीरदाराचा शिपाई बोलवायला आला, महिपतीने पूजा आटोपून कचेरीतले काम उरकले आणि तिथेच लेखणी कानावरून उतरवून, यापुढे या लेखणीने सरकारी अक्षर लिहायचे नाही अशी शपथ घेतली, असे सांगतात. ती लेखणी मग संतांकडे वळली. ‘भक्तविजय’ १७६२ साली पुरा झाला, ‘भक्तलीलामृत’ १७७४ साली. दोन्ही ग्रंथ ओवीबद्ध. महाराष्ट्रात शेकडो गावांतून ते वाचले गेले, आणि वाचले गेले म्हणजे गायिले गेले. कारण ओवी मनातल्या मनात वाचण्याची रीत आपल्याकडे अलीकडची आहे.

महिपती कीर्तनही करीत असे. कीर्तन ही मोठ्यांची गोष्ट असे आपण समजतो. पण मुलांची ती गाण्याची पहिली शाळा होती, आणि शाळा आहे असे कोणाच्या ध्यानातही येत नसे हाच तिचा गुण. बुवांच्या मागे टाळकरी उभे राहतात. त्यांच्या पायांशी चारपाच वर्षांचे पोर येऊन उभे राहते. कोणी तरी त्याच्या हातात टाळांची लहानशी जोडी देते. पोराला ना शब्द येतात ना चाल. पण दोन वाट्या एकमेकींवर आपटल्या की आवाज होतो आणि तो सगळ्यांच्या आवाजाबरोबर व्हावा लागतो, एवढे त्याला पहिल्याच रात्री कळते. गळ्याआधी हाताला लय येते. मग ध्रुपद फिरून फिरून येऊ लागले की त्याचा शेवटचा शब्द तोंडात बसतो. पोर त्या एका शब्दावर मोठ्याने सामील होते आणि बाकीच्या ओळीला ओठ हलविते. चारआठ कीर्तने झाली की अर्धी ओळ येते. चुकले तर पन्नास माणसांच्या आवाजात ते बुडून जाते. त्याला कोणी उभे करून पुन्हा म्हणायला लावीत नाही.

अभंगाची घडणही या कामाला फार सोयीची आहे. मोठ्या अभंगाच्या चरणांत सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरे. तीन पावले सारखी टाकावीत आणि चौथे आखूड टाकून थांबावे, तशी ही चाल. मुलाचा श्वास लहान असतो. त्या आखूड चरणावर त्याला उसंत मिळते. एकेका अक्षराला ओढायला जागा असल्यामुळे गाणाऱ्याला घाई नाही. ज्यांनी हा छंद घडविला त्यांच्या डोळ्यांपुढे मुले नव्हती हे खरे. पण लहान श्वासाची, निरक्षर, दिवसभर राबून आलेली माणसे होती, आणि जे त्यांना पेलले ते मुलांनाही पेलले.

कीर्तनाच्याही आधीची शाळा जात्यापाशी. पहाटेच्या अंधारात आई दळायला बसे, मूल तिच्या मांडीवर डोके ठेवून अर्धवट झोपेत पडे. जात्याचा फेरा हा ताल, त्याची घरघर हा षड्ज, आणि आईच्या ओव्या. तिच्या मनातले माहेर, सासर, भाऊ, दुखणे सारे त्यांत येई. मूल ऐके ते शब्दांपेक्षा दगडाची आणि आईच्या पोटाची एकाच लयीत होणारी हालचाल. कानांबरोबर सबंध अंगाने ऐकलेले असे गाणे पुढे कोणत्याही क्लासात मिळत नाही.

इथवरचे चित्र गोड आहे, आणि जुन्या गोष्टींविषयी लिहिणारे बहुतेक लेखक इथेच थांबतात. परंतु त्या टाळकऱ्यांच्या पायांशी कोणाचे पोर उभे राहू शकत होते? देवळाच्या मंडपात ज्यांना पाऊल टाकण्याची बंदी होती त्यांची पोरे कीर्तन ऐकत ती लांबून. चोखामेळ्याचे चरित्र महिपतीने भक्तिभावाने गायिले. पण चोख्याच्या जातीच्या पोरांना ते मंडपाबाहेरूनच ऐकावे लागले.

त्यांच्याकडे संगीत नव्हते असे नाही. उलट गावाचे निम्मे संगीत त्यांच्याच हातांत होते. मांगवाड्यातल्या पोराला हलगी शिकवावी लागत नसे. गोल कड्यावर ताणलेले कातडे विस्तवावर शेकून तापवायचे, एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी, आणि बापाच्या मागे चालायचे. सहासात वर्षांच्या पोराची बोटे त्या काडीवर अशी पडत की शहरातला तबलजी थांबून ऐकेल. पण ही विद्या म्हणजे बलुत्याचे काम होते. लग्नाची वरात असो, जत्रा असो, प्रेतयात्रा असो, बोलावणे आले की वाजविलेच पाहिजे. बदल्यात पेंढी, भाकरी, आणि बसायला उकिरड्याकडेची जागा. जे संगीत न वाजविण्याची मुभा नाही त्यात मुलाला आनंद किती होता, हे कोणी विचारले नाही. आनंद असणारच; पोर ते पोर. पण त्या आनंदाच्या पाठीवर गावाचा हुकूम बसलेला होता.

या जिल्ह्यात १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन आले. त्याची मातृसंस्था बॉस्टनची. गंमत अशी की मुलांच्या गाण्याच्या इतिहासात बॉस्टन शहराला मोठे स्थान आहे. लोवेल मेसन नावाच्या गृहस्थाने खटपट करून १८३८ साली तिथल्या सार्वजनिक शाळांत गाणे हा विषय घालविला. अमेरिकेत असे प्रथमच घडले. मेसनने पेस्टालोझी या स्विस शिक्षणतज्ज्ञाचा धडा गिरविला होता: मुलाला आधी सूर ऐकवा, तो त्याच्या गळ्यातून येऊ द्या, चिन्ह मागाहून दाखवा. प्रत्येक मूल गाऊ शकते, गाणे ही निवडक गळ्यांची मिरासदारी नव्हे, हा त्या काळी तिकडेही नवा असलेला विचार. ज्या मुलखात तो रुजत होता त्याच मुलखातून नगरला माणसे येत होती, आणि त्यांच्या शाळांत गाणे हे प्रार्थनेइतकेच नित्याचे होते.

त्या माणसांपैकी हेन्री बॅलंटाईन यांनी मराठी गीते रचली आणि इंग्रजी चालींवर बसविली. भाषा त्यांनी मेहनतीने आत्मसात केली होती. अडचण भाषेत नव्हती, ठेक्यात होती. इंग्रजी स्तोत्रांचा एक सर्वसाधारण साचा आठ, सहा, आठ, सहा अक्षरांचा. अक्षराला एक स्वर, आणि एका आड एका अक्षरावर आघात. मराठी शब्दाला असा ठाम आघात सोसत नाही. तो जिथे पडू नये तिथे पडला की शब्द मधेच मोडतो, आणि ओढायच्या दीर्घ अक्षराला ऱ्हस्वाएवढीच जागा मिळते. बाजावर सूर धरून मुले ती गीते म्हणत, मनापासूनही म्हणत असतील. पण घरी जात्यापाशी ती गीते गेली नाहीत. या देवघेवीचा उलटा प्रत्ययही याच मिशनने पुढे दिला. याच मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांनी आपल्या उतारवयात पंडित गोडबोले यांच्या साह्याने महिपतीचे ग्रंथ इंग्रजीत नेले. काम मोलाचे आहे. पण ओवी त्यांनी गद्यात उतरविली. ठेका दोन्ही वेळा वाटेतच राहिला.

मिशनच्या गाण्याची एवढी थट्टा केल्यावर त्याचे ऋणही सांगितले पाहिजे. त्या शाळांत प्रामुख्याने महारामांगांची मुले आली. ज्या पोराने आजवर गावासाठी वाजविले ते इथे प्रथमच कोणाच्याही हुकुमावाचून, बसायला सतरंजी असलेल्या खोलीत, केवळ गाण्यासाठी गाऊ लागले. त्याच्या शेजारी मुली गात होत्या. कुलीन घरच्या बाईने चारचौघांत गळा उघडला तर तिची लाज गेली असे मानणाऱ्या काळात, खेड्यातल्या मुली रांगेत उभ्या राहून मोठ्याने गात. चाली परक्या होत्या, पण त्या चालींपाशी कोणाच्या जातीचा किंवा बाईपणाचा पहारा नव्हता. परक्या चालीचा हा एक फायदा देशी संगीताच्या अभिमान्यांनी सहसा मान्य केलेला नाही.

पुढे ही परकेपणाची अडचण आतल्याच लोकांनी ओळखली. कृष्णराव रत्नजी सांगळे यांनी देशी चालींवर ख्रिस्ती पदे रचली, कीर्तनाचा घाट उचलला. या सगळ्याला खरी उंची दिली ती नारायण वामन टिळकांनी.

टिळक १८६१ सालचे, कोकणातले. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि पुढील आयुष्याचा मोठा भाग नगर जिल्ह्यात काढला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते राहुरीला येऊन राहिले. तिथे मिशनचे काम डॉ. विल्यम बॅलंटाईन यांच्याकडे होते. हे त्याच हेन्री बॅलंटाईन यांचे चिरंजीव. बापाने मराठी गीतांना इंग्रजी चाली लावल्या आणि मुलाच्या कारकिर्दीत टिळकांनी ती गीते ओवी-अभंगाकडे परत आणली, असा हा योग आहे. टिळकांनी धर्म सोडला, पण ज्ञानोबा-तुकोबा सोडले नाहीत. तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते मानीत. त्यांची भजने देवळाबाहेर राहिलेल्या लोकांच्या तोंडी देवळातला छंद घालीत होती. मंडपाबाहेरून कीर्तन ऐकणाऱ्या पोराचा नातू आता टाळ हातात घेऊन आतून गात होता; मंडप तेवढा निराळा.

टिळकांचे घर मुलांनी गजबजलेले असे. पोटची दोन, आणखी सांभाळलेली कितीतरी. बालकवी ठोमरे या घरात मुलासारखे राहून गेले. या संसाराची हकीकत लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रां’त सांगितली आहे. १९३४ ते १९३६ या काळात ती प्रसिद्ध झाली आणि आजही तिचा रंग उडालेला नाही. सोवळ्याओवळ्याने गांजलेल्या घरात वाढलेली, शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई; तिने पुढे कविता केल्या आणि टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ तडीस नेले. छंद तिला कोणत्या पुस्तकाने शिकविला? अक्षरओळख नीट होण्याआधी तिच्या कानांत ओव्या आणि आरत्या होत्या. कानाने आधी घ्यावे आणि डोळ्याने मागून, या मेसनच्या नियमाचे याहून चांगले उदाहरण बॉस्टनमध्येही मिळाले नसते.

टिळक राहुरीस येण्याच्या सुमारास उत्तरेत दुसरा एक मराठी माणूस याच प्रश्नाला निराळ्या बाजूने भिडला होता. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले. फी भरून, वेळापत्रकाप्रमाणे, वर्गात बसून कुणाच्याही मुलाने गाणे शिकावे, ही त्यांची कल्पना. मुलांसाठी त्यांनी ‘संगीत बालप्रकाश’ काढला, स्वरलिपी सिद्ध केली, पदांतला शृंगार काढून तिथे भक्ती घातली. गाणे घरंदाज मुलामुलींना खुले झाले ते बहुतांशी त्यांच्यामुळे. हे उपकार फेडता येण्याजोगे नाहीत. पण त्यांच्या मागून आलेल्या मास्तरांनी एक घोटाळा केला. दहाबारा वर्षांच्या मुलासाठी योग्य असलेली स्वरलिपी आणि अलंकार त्यांनी पाच वर्षांच्या मुलापुढे मांडले. गावोगावच्या संगीतवर्गांतून ‘सारेगमपधनीसा’ची जी रटाळ घोकंपट्टी ऐकू येते तिचा उगम इथे आहे. व्याकरण पाठ केल्यावर मग बोलायला लागायचे, असे आपण कोणत्याही मुलाला भाषेच्या बाबतीत सांगत नाही.

भाषेचाच हा दाखला धरून युरोप-आशियात दोन मोठी कामे झाली. हंगेरीतील झोल्तान कोदाय हा संगीतकार. आपल्या शेतकऱ्यांची लोकगीते त्याने खेडोपाडी हिंडून गोळा केली, आणि मुलाला पहिले गाणे आपल्याच भाषेतल्या लोकगीताचे मिळाले पाहिजे असा आग्रह धरला. १९५० साली केचकेमेत या गावी या पद्धतीची प्राथमिक शाळा निघाली. त्याने इंग्लंडच्या जॉन कर्वेनची हातखुणांची रीत उचलली होती. तीत ‘डो’ एका जागी खिळलेला नसतो, गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे हलतो. म्हणजे तो आपला ‘सा’च झाला. जपानात शिनिची सुझुकी यांनी व्हायोलिन शिकविताना मूल मातृभाषा जशी शिकते तसेच सारे चालविले: आधी महिनोन्‌महिने ऐकणे, शेजारी आईने वाजविणे, मग अनुकरण, वाचन शेवटी. हे वाचताना ताहाराबादचा टाळकरी आणि राहुरीचा हलगीवाला आठवल्यावाचून राहत नाही. फरक एवढाच की सुझुकींच्या मुलाला वाद्य खाली ठेवण्याची मोकळीक होती.

लहान मुलाच्या आईबापांना या इतिहासातून उचलता येण्याजोग्या काही गोष्टी आहेत. आता ओघात त्याही सांगतो. मुलाचा गळा उंच आणि त्याचा पल्ला आखूड असतो, पाचसहा स्वरांचा. वडील आपल्या खर्जाच्या पट्टीत गाऊन दाखवितात, मुलाला तो सूर सापडत नाही, आणि ‘याला गाण्याचे अंग नाही’ असा शेरा मिळतो. अंग असते, पट्टी चुकलेली असते. मुलाला त्याच्या सुरात गाऊ द्यावे आणि आपण तिथे जावे. जुनी बडबडगीते, भोंडल्याची गाणी दोनतीन स्वरांतच फिरतात ती उगीच नव्हेत. लयीसाठी टाळ्या, झोका, चालणे, उड्या हे सर्व तबल्याच्या आधी. चुकल्यावर थांबवू नये. पुन्हा तेच गाणे आपण नीट गावे, मूल आपले आपण सुधारते. पेटी घरात असावी, पण तिने सारखे मुलाच्या सुरावर बसून राहू नये. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दार बंद केले होते. तो हट्ट अतिरेकाचा होता हे खरे; पण पेटी वाजत राहिली की मुलाचा कान तिच्यावर रेलतो, हेही तितकेच खरे. तारुण्यात थोर गवई व्हावे म्हणून पाच वर्षांच्या मुलाला स्पर्धेच्या रंगमंचावर चढविणाऱ्या पालकांविषयी मी काही लिहीत नाही. कुमार गंधर्वांचे नाव ते लगेच तोंडावर फेकतात. पण नऊदहा वर्षांच्या वयात जलसे गाजविणाऱ्या कुमारलाही मुंबईस देवधर मास्तरांकडे ठेवून पायापासून शिकवावे लागले होते, तेवढे मात्र विसरतात.

राहुरीची गोष्ट अजून एका ठिकाणी अडलेली आहे. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने गावकीची हलकी कामे टाकून देण्यास सांगितले, तेव्हा अनेक घरांतून वाजपाची वाद्येही खाली ठेवली गेली. ते योग्यच झाले. लाजिरवाण्या अटींवर टिकलेली कला जपा, असे त्या माणसांना सांगण्याचा अधिकार ती फुकट ऐकणाऱ्या आम्हांला नव्हता. त्याच घरांतून मग भीमगीते उठली. वामनदादा कर्डकांसारख्या कवींनी ती गावोगाव नेली, आणि एका पिढीच्या मुलांनी पहिले गाणे शिकले ते बापाच्या कडेवर बसून, जयंतीच्या मिरवणुकीत. पण हलगीचे काय करायचे हा प्रश्न घरोघरी वेगळा सुटला. कुणी ती विकली, कुणी माळ्यावर टाकली, कुणी पोटासाठी चालू ठेवली. आता शहरातल्या रंगमंचावर हलगीला टाळ्या पडतात, शाळांच्या स्नेहसंमेलनात ती वाजते, आणि गुरुजी हौसेने विचारतात की वाजवायला कोण येते. ज्याच्या आज्याने ती वेशीबाहेर उभे राहून वाजविली, त्या पोराला ती येते. हात वर करावा की नाही, याचा विचार ते पोर बाकावर बसून करीत असते. आणि घरी गेल्यावर बाप काय म्हणेल याचाही.